तुझा ड्रॅगन वेगळा, माझा वेगळा

'इन्स्टन्स' हा शब्द आपल्या सगळ्यांना सेकंड इयरला भेटतो. जावाच्या तासाला सर फळ्यावर एक क्लास लिहितात, खाली 'न्यू' लिहून त्याचे दोन ऑब्जेक्ट काढतात आणि म्हणतात, "हे दोन इन्स्टन्स. क्लास एकच, पण याचं त्याला माहीत नाही नि त्याचं याला माहीत नाही." मागच्या बाकांवरच्या निम्म्या जनतेच्या डोक्यावरून ते जातं. मला मात्र ते जागच्या जागी कळलं, कारण आठवीपासून मी ऑनलाइन गेममध्ये तेच बघत आले होते. सरांना वाटलं पोरगी हुशार आहे. वाटू दे की!

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. कुणी 'एकोणसाठ' म्हटलं की मी अजून मनातल्या मनात पन्नासच्या बाजूचं की साठच्या बाजूचं ते मोजते. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. विषयाबद्दलही माफी नाही मागणार. मासिकाच्या या विभागात दरवर्षी आईवर चार, पावसावर सहा आणि 'ती'च्यावर अगणित कविता येतात. एक लेख ड्रॅगनवर आला तर मराठी काही बुडत नाही.

ज्यांनी हे गेम कधी पाहिलेच नाहीत (मेसचे काका, रेक्टर मॅडम आणि ब्रँचचे टॉपर) त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑनलाइन फँटसी रोल-प्लेइंग गेम म्हणजे एक मोठं जग. त्यात गावं, जंगलं, नद्या असतात आणि हजारो खरी माणसं एकाच वेळी आपापलं पात्र घेऊन फिरत असतात. या जगात राक्षसांच्या गुहा असतात, त्यांना डंजन म्हणायचं. आता गुहेतला राक्षस एक आणि त्याला मारायला आलेले शंभर. काय करणार? गेम बनवणाऱ्यांनी याची दोन उत्तरं काढली. पहिलं म्हणजे गुहा सगळ्यांची एकच. तो मेला की पुन्हा उगवेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. हे ओपन वर्ल्ड. दुसरं असं की तुम्ही पाच जणांनी गुहेच्या दारातून पाऊल टाकलं की सर्व्हर तुमच्यापुरती गुहेची नवीकोरी प्रत काढतो. मागून येणाऱ्या पाच जणांना त्यांची वेगळी प्रत. दोन्ही टोळ्या एकाच दारातून आत गेल्या, पण आत एकमेकांना कधीच दिसणार नाहीत. सगळे बाहेर पडले की काही वेळाने ती प्रत पुसली जाते आणि मेमरी मोकळी होते. हे झालं इन्स्टन्स.

बॉइज हॉस्टेलसाठी भाषांतर : बीजीएमआयची प्रत्येक मॅच हा एक इन्स्टन्स आहे. तुम्ही पोचिंकीत उतरता त्याच मिनिटाला दुसऱ्या कितीतरी पोचिंकी चालू असतात. तिथे कोण मेलं, तुम्हाला पत्ता नसतो.

सुरुवातीच्या गेममध्ये ही सोय नव्हती. १९९९ च्या मार्चमध्ये 'एव्हरक्वेस्ट' आला, त्यात गुहा सगळ्यांची एकच. 'लोअर गुक' नावाच्या डंजनमध्ये एक पिसाळलेला भुताळ्या होता. त्याच्याकडून कधीमधी एक काळा रेशमी कमरपट्टा मिळायचा आणि तो बांधला की हात भराभर चालायचे. तो पट्टा सगळ्यांना हवा. मग लोक काय करायचे? रांग लावायचे! गुहेत शिरलं की आधी ओरडून विचारायचं, कोणती जागा कुणाकडे आहे. त्याला 'कॅम्प चेक' म्हणत. ज्याची जागा आहे तो सांगायचा, यादीत तुझा नंबर चौथा. मग बसा तासन्‌तास. ही यादी कोडमध्ये कुठेच नव्हती. खेळणाऱ्यांनी आपसात ठरवलेली होती. भांडणं व्हायची, कुणी मधेच घुसायचं, कंपनीच्या माणसाला येऊन मिटवावं लागायचं, पण बहुतेक वेळा यादी चालायची. आणि बसल्या बसल्या माणसं बोलायची. करणार काय दुसरं?

हे मला वाचायलासुद्धा ओळखीचं वाटलं, कारण मी लातूरची. २०१६ साली मी पाचवीत होते. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी कलम १४४ लागलं, म्हणजे पाच-सहा माणसं एकत्र जमली तरी गुन्हा. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, 'जलदूत'. पहिल्या खेपेला १० वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटरच्या आसपास पाणी. बाहेरगावचे लोक अजून विचारतात, "खरंच रेल्वेने पाणी यायचं का गं?" हो, खरंच यायचं. (एव्हरक्वेस्टमध्येही 'ट्रेन' होती. पळणाऱ्याच्या मागे लागलेल्या राक्षसांच्या रांगेला ट्रेन म्हणायचे आणि ती दिसली की सगळे दाराकडे पळायचे. आमची ट्रेन दिसली की लोक उलट तिच्याकडे पळायचे.)

आमच्या गल्लीत टँकर यायचा त्याच्या आदल्या रात्रीपासून घागरींची रांग. माणसं नाहीत, नुसत्या घागरी. घागर कमी पडली तर दगड. प्रत्येक दगड कुणाचा ते सगळ्या गल्लीला पाठ! आजी मला पहाटे पाठवायची, "जा, आपला दगड हाय का बघून ये." एकदा एक काकू दगड सरकवताना सापडल्या तर त्यांच्याशी बायका महिनाभर बोलल्या नाहीत. पुढे मी गेममध्ये गेले तेव्हा नंबर लावणं, नंबर राखणं, दुसऱ्यासाठी नंबर धरणं हे काही मला नव्याने शिकावं लागलं नाही. आणि आपल्या हॉस्टेलमध्ये डिसेंबरात गीझरपुढे लागणारी बादल्यांची रांग तरी वेगळी काय आहे? निळी बादली सिव्हिलच्या ताईंची, तिला कुणी हात लावत नाही.

त्या वर्षी काही घरं रांगेत कधीच दिसली नाहीत. त्यांच्या बोअरला पाणी होतं. दार लावलं, मोटार चालू केली, टाकी भरली. लहान होते तेव्हा मला त्यांचा हेवा वाटायचा. म्हणजे बघा, त्यांना त्यांचा स्वतःचा इन्स्टन्स मिळाला होता! पण आता वाटतं, तो इन्स्टन्स नव्हताच. जावात स्टॅटिक व्हेरिएबल असतो ना, ऑब्जेक्ट कितीही काढा, व्हेरिएबल सगळ्यांत मिळून एकच, तसं जमिनीखालचं पाणी. वर शंभर बंगल्यांच्या शंभर मोटारी, खाली साठा एकच. गेममध्ये ड्रॅगनची प्रत काढली तर कुणाचा ड्रॅगन कमी होत नाही. पाण्याची प्रत निघत नाही.

इथेच मला या सगळ्या वादाची गंमत वाटते. लातुरात रांग होती कारण पाणी नव्हतं. गेममध्ये राक्षस कमी पडायचं काही कारणच नाही, हवे तितके छापता येतात. तरी कुणीतरी मुद्दाम ठरवतं की नाही, हा एकच राहील आणि सगळ्यांचा राहील. का ठरवत असेल? नुसता त्रास द्यायला?

बहुतेक कंपन्यांना तो त्रासच वाटला आणि पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकाला रांगेत कोण उभं करणार! २००१ साली 'अॅनार्की ऑनलाइन'ने मोहिमांसाठी प्रत्येकाला वेगळी प्रत द्यायला सुरुवात केली. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला, त्यातली मोठी डंजनं इन्स्टन्समध्ये होती. मोकळ्या जगात थोडे राक्षस सगळ्यांसाठी ठेवले होते, त्यांच्यासाठी टोळ्या रात्री-बेरात्री गजर लावून उठायच्या. २००५ साली 'गिल्ड वॉर्स' तर इतका पुढे गेला की गावाची वेस ओलांडली की पुढचं सगळंच तुमच्या एकट्याच्या टोळीचं. जंगल, डोंगर, सगळं. माणसं भेटायची ती फक्त गावात.

तरी वॉरक्राफ्टच्या सुरुवातीला डंजनच्या दारापर्यंत चालत जावं लागायचं. सोबत कोण येणार हे गावात ओरडून जमवावं लागायचं. वाटेत कुणी ओळखीचं व्हायचं. २००९ च्या डिसेंबरमध्ये 'डंजन फाइंडर' आला. बटण दाबा, वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच अनोळखी लोक एकत्र, थेट गुहेत. अर्ध्या तासात राक्षस मारा, निघा. त्या चौघांची पुन्हा गाठ पडण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे चांगलं वागण्याचीही फार गरज नाही. काही जण 'हाय' पण करत नाहीत. दहा वर्षांनी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, कंपनीने जुना गेम 'क्लासिक' म्हणून पुन्हा काढला तेव्हा त्यात हे बटण नव्हतं, आणि तरीही लोक तिथे घुसायला रांगा लावून बसले.

दार लावलं म्हणजे आतलं आतच राहतं असंही नाही हं. याची एक भारी गोष्ट आहे. २००५ च्या सप्टेंबरमध्ये वॉरक्राफ्टच्या एका इन्स्टन्समध्ये हक्कार नावाचा नवा राक्षस आला. तो 'करप्टेड ब्लड' नावाचा रोग लावायचा, जवळच्या माणसाला लगेच लागण. बनवणाऱ्यांनी धरून चाललं होतं की रोग गुहेतच संपेल. पण शिकाऱ्यांचे पाळीव प्राणी आजारी असतानाच मालकांनी परत बोलावले आणि शहरात जाऊन सोडले. झालं! शहरात कमी ताकदीचे खेळाडू पटापट मरायला लागले. दुकानदार पात्रं मरत नव्हती, पण रोग पसरवत होती. कुणी गावाबाहेर पळालं, कुणी जखमींना बरं करत थांबलं, कुणी मुद्दाम गर्दीत शिरून रोग वाटला. शेवटी कंपनीने सर्व्हर रीसेट केले. एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या दोघांनी यावर २००७ मध्ये 'द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये लेख लिहिला. साथीत माणसं कशी वागतात हे यातून शिकता येईल, असं त्यांचं म्हणणं. आमच्या बॅचची दहावीची परीक्षा कोरोनामुळे झालीच नाही. त्या वर्षी घरात बसून मी हे सगळं वाचलं आणि टीव्हीवर बघितलं, पळणारे, थांबणारे, वाटणारे, सगळे नमुने तेच!

माझी रूममेट देगलूरची. ती 'गेनशिन इम्पॅक्ट' खेळते. तिथे प्रत्येकाला अख्खं जगच आपलं वेगळं. कुणाला बोलवायचं असेल तर तुमच्यासकट चार जण, तेही तुम्ही दार उघडलं तर. तिचं म्हणणं सरळ आहे, "मला सबमिशनमधून चाळीस मिनिटं मिळालीत. त्यात मी कुणा अनोळखी माणसाच्या मागं रांगेत उभी राहू? मेसमध्ये राहते ती बस झाली की!" यावर माझ्याकडे उत्तर नाही. शिवाय गोष्ट नीट सांगायची असेल तर इन्स्टन्सच हवा, हे मीही मानते. राजा मरायला टेकलाय, शेवटचे शब्द बोलतोय, आणि मागे पंधरा जण त्याच राजाचे तेच शब्द ऐकायला उड्या मारत उभे, असं ओपन वर्ल्डमध्ये खरंच होतं. हसून मरायची पाळी येते.

पण ती मला म्हणते, "तुला काय मिळतं गं तिथं? रात्री-रात्री काय करायलीस?" तर ऐका. आपल्या मुलींच्या हॉस्टेलचं गेट संध्याकाळी लागतं. रेक्टर मॅडम, ही तक्रार नाही, निरीक्षण आहे. मुलांच्या बाजूला रात्री अकराला चहाची चर्चा रंगलेली असते, आम्हाला ती खिडकीतून ऐकू येते. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं, बाहेर कोण कसं असेल सांगता येत नाही. खरंय, सांगता येत नाही. मी लातुरात असतानाही सातच्या आत घरात आणि नांदेडला आल्यावरही तेच. मग अकरा वाजता मी फोनवर ओल्ड स्कूल रूनस्केप उघडते आणि बाहेर पडते.

हा गेम मला मामेभावामुळे मिळाला. तो औसा रोडवरच्या सायबर कॅफेत ब्राउझरमध्ये रूनस्केप खेळायचा. जावा ही भाषा आहे हे त्याला फार उशिरा कळलं, तो समजायचा रूनस्केप चालायला जे लागतं ते जावा. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये हा गेम मोबाइलवर आला आणि दादाने माझ्या आईच्या फोनवर टाकून दिला. त्यात गावाच्या उत्तरेला 'वाइल्डरनेस' नावाचा भाग आहे. एक चर ओलांडला की तिथे कुणीही कुणालाही मारू शकतं आणि अंगावरचं लुटू शकतं. मी तिथे रात्री एकटी फिरते. किती वेळा मेले त्याचा हिशेब नाही. आपण मुलगी आहोत हे कळलं तर काही जण नको ते लिहितात, त्यांना ब्लॉक करते आणि पुढे जाते. पण मेलं तर गावात पुन्हा उभं राहता येतं, आणि कुणी "कुठे होतीस?" विचारत नाही. भीती वाटते. पण ती माझी मी निवडलेली असते. इन्स्टन्समध्ये मला ती मिळत नाही. तिथे दार बाहेरून कुणीतरी आधीच लावलेलं असतं आणि दार लावलेल्या जागा माझ्याकडे भरपूर आहेत.

वाइल्डरनेसमध्ये हिरवे ड्रॅगन आहेत. त्यांची हाडं आणि कातडी विकून सोनं मिळतं. व्हेनेझुएला देशात पैशाची किंमत मातीमोल झाली तेव्हा, साधारण २०१७ पासून, तिथली बरीच माणसं दिवसभर हे ड्रॅगन मारत बसायची आणि मिळालेलं सोनं खऱ्या डॉलरला विकून घर चालवायची. सोनं विकणं नियमाविरुद्ध आहे, खातं बंद होतं. काही खेळाडू त्यांना शोधून शोधून मारायचे, त्यांना कसं ओळखायचं याचे सल्लेही लिहिले गेले. हे मी वाचलं तेव्हा मला आमची घागरींची रांग आठवली. माझ्यासाठी जो ड्रॅगन म्हणजे झोपेआधीची अर्धा तास मजा, तो कुणाचा तरी टँकर होता. ओपन वर्ल्डमध्ये तो माणूस निदान समोर दिसतो. त्याला मारायचं की बाजूने जायचं हे मला ठरवावं लागतं. मी बाजूने जाते. इन्स्टन्समध्ये मला त्याचा पत्ताच लागला नसता.

आता कुणी म्हणेल, म्हणजे रांगा आणि मारामाऱ्या चांगल्या? तसं नाही हो. कलम १४४ लागलेलं गाव मी बघितलंय. एकच नळ आणि पाणी कमी म्हटल्यावर माणसं आपोआप गुण्यागोविंदाने राहत नाहीत. पण दोन्हीच्या मधलाही एक रस्ता निघालाय आणि इंजिनिअर म्हणून मला तो सगळ्यात आवडतो. २०१२ च्या 'गिल्ड वॉर्स २'मध्ये मोकळ्या मैदानात राक्षस एकच असतो, पण ज्याने ज्याने मनापासून हात लावला त्या सगळ्यांना बक्षीस मिळतं. खाणीतलं लोखंडही प्रत्येकाला आपापलं. तिथे दुसरा खेळाडू पळत आलेला दिसला की कपाळाला आठी पडत नाही, बरं वाटतं.

रूनस्केपमध्येही तसंच झालं. पूर्वी झाड तोडताना दुसरा कुणी आला की राग यायचा, कारण कुणाच्याही घावाला झाड अवचित संपायचं. जितके जास्त हात तितकं लवकर. २०२३ च्या जूनमध्ये 'फॉरेस्ट्री' नावाचा बदल आला. आता झाड ठरलेल्या वेळेपर्यंत टिकतं, आणि एकाच झाडावर जितके जास्त जण, तितका प्रत्येकाचा हात जास्त चालतो. कोडमधल्या काही ओळी बदलल्या असतील. झाड तेच, जागा तीच. पण काल ज्याला पाहून मी सर्व्हर बदलत होते, त्यालाच आज मी बोलावते, "ये की इकडे, याच झाडावर." ड्रेनॉर गावाच्या बँकेजवळ पाण्याच्या काठाला विलोची झाडं आहेत, तिथे रात्री नेहमी पाच-सात जण असतात. एक जण ब्राझीलचा आहे, त्याची दुपार असते आणि आमची मध्यरात्र. त्याला मी दोन मराठी शब्द शिकवलेत, त्यातला एक 'दगड'.

दिवाळीच्या सुट्टीआधी रूममेटने माझ्या डोक्याशी कटकट नको म्हणून एक खातं काढलं. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "यात एकटं खेळायचं बटण कुठंय?" मी म्हटलं, नाही. ती तोंड वाकडं करून तोडत बसली. सध्या आम्ही दोघी दोन पलंगांवर, दोन फोन, एकाच ओकच्या झाडावर असतो. मधून ती विचारते, "ए, हा तिसरा कोण आलाय गं?" मी सांगते, माहीत नाही, विचार की त्याला. अजून तिने विचारलेलं नाही. तिची कुऱ्हाडही अजून ब्राँझचीच आहे.